फ्रँक टॅरंट : टेस्टच्या उंबरठ्याबाहेरचा थोर खेळाडू

क्रिकेटच्या खेळांत थोरवीचें एक ठराविक माप होऊन बसलें आहे. अमुक खेळाडू किती टेस्ट सामने खेळला, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. आणि त्याचें उत्तर ‘एकहि नाहीं’ असें आलें, कीं त्या खेळाडूचें नांव बाजूस पडतें. ऑस्ट्रेलियाच्या टेस्ट खेळाडूंचीं नांवें आपल्या घरांतील मुलें पाढ्यांसारखीं म्हणून दाखवितील. परंतु ज्यानें अठरा हजारांच्या जवळपास धांवा काढल्या, पंधराशेंहून अधिक गडी बाद केले, आणि तरीहि ज्याला आपल्या देशाकडून एकदांहि टेस्ट सामना खेळावयास मिळाला नाहीं, असा एक ऑस्ट्रेलियन खेळाडू होऊन गेला, हें त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या खेळाडूचें नांव फ्रँक टॅरंट. त्याच्या आयुष्यांतील एक अत्यंत विलक्षण सामना आपल्या पुण्यांतच झाला, हें तर त्याहूनहि थोड्यांना माहीत असेल.

ह्या पुरुषाची कारकीर्द वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हांस आणखी एक कारण आहे. घरांतील मुलगा खेळांत रमूं लागला, कीं वडीलधाऱ्यांच्या मनांत दोन शंका उभ्या राहतात. ह्यावर ह्याचें पोट भरेल काय, ही पहिली. आणि पोट भरलें तरी चार माणसांत मान राहील काय, ही दुसरी. ह्या शंका आजच्या नाहींत, आणि केवळ आपल्याच घरांतील आहेत असेंहि नाहीं. टॅरंटचें सारें आयुष्य म्हणजे ह्याच दोन प्रश्नांना त्यानें आपल्या कृतीनें दिलेलें उत्तर होय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या हातीं होतें. तें त्यानें उत्तम रीतीनें दिलें. दुसऱ्याचें उत्तर मात्र खेळाडूच्या एकट्याच्या हातीं नसतें.

फ्रान्सिस आल्फ्रेड टॅरंट ह्याचा जन्म ११ डिसेंबर १८८० रोजीं मेलबोर्न शहराच्या फिट्झरॉय ह्या भागांत झाला. तेव्हां ऑस्ट्रेलिया हें एक राष्ट्र झालेलें नव्हतें. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया वगैरे निरनिराळ्या वसाहती होत्या, आणि १९०१ सालीं त्यांचें एकीकरण झालें. ह्या वसाहतींमध्यें क्रिकेटची मोठी चुरस असे. १८९२-९३ पासून ‘शेफील्ड शील्ड’ नांवाच्या ढालीसाठीं त्यांचे सामने होऊं लागले. टॅरंट १८९८-९९ च्या हंगामांत व्हिक्टोरियाकडून प्रथम खेळला, तेव्हां त्याला अठरा वर्षेंच झालीं होतीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. शील्डच्या चढाओढींत त्या काळीं तीनच संघ होते, आणि प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशीं दोनदां खेळे. म्हणजे संबंध हंगामांत एका संघाच्या वांट्यास शील्डचे चारच सामने येत. चार सामन्यांवर वर्ष कोण काढणार? इंग्लंडांत ज्याप्रमाणें काउंटीचे क्लब खेळाडूंना पगारावर ठेवीत, त्याप्रमाणें क्रिकेटलाच पेशा मानून जगण्याची सोय ऑस्ट्रेलियांत नव्हती. तेथील खेळाडू पोटासाठीं दुसरा कांहीं उद्योग करी आणि सुटीच्या दिवशीं मैदानावर येई. ज्याला घरची सुस्थिति नाहीं आणि अंगीं खेळाखेरीज दुसरें भांडवल नाहीं, अशा तरुणाला दोनच वाटा होत्या : एक, खेळ हा छंद मानून जन्मभर दुसरें काम करावयाचें, किंवा दुसरी, जेथें खेळाला दाम मिळतो तेथें जावयाचें. टॅरंटनें दुसरी वाट धरली. विशी ओलांडून दोनतीन वर्षें होत नाहींत तोंच तो समुद्र ओलांडून इंग्लंडांत आला.

१९०३ सालीं लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर मेरिलबोन क्रिकेट क्लबाच्या पगारी खेळाडूंमध्यें त्याला जागा मिळाली. ही नोकरी मोठ्या मानाची होती असा गैरसमज नसावा. क्लबाचे सभासद संध्याकाळीं हात मोकळे करावयास आले, कीं त्यांना जाळ्यांत चेंडू टाकावयाचा, हें ह्या पगारी लोकांचें मुख्य काम. काउंटीकडून खेळावयाचें तर परक्या मुलखांतील मनुष्याला त्या काउंटींत दोन वर्षें वास्तव्य करावें लागे. तेवढा काळ टॅरंटनें चेंडू टाकण्यांत आणि मिळेल तो सामना खेळण्यांत घालविला, आणि १९०५ सालीं तो मिडलसेक्स काउंटीच्या संघांत दाखल झाला.

इंग्लंडांतील क्रिकेटमध्यें तेव्हां दोन वर्ण होते, असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं. पैसे न घेतां खेळणारा तो ‘जंटलमन’, आणि वेतन घेऊन खेळणारा तो ‘प्लेअर’. दोघेहि एकाच संघांत खेळत, एकाच विजयासाठीं घाम गाळीत. परंतु त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या असत, कित्येक मैदानांवर आंत येण्याचीं दारेंहि निराळीं असत, आणि छापील गुणपत्रकांत नांव लिहिण्याची रीतसुद्धां निराळी असे. संघाचा कर्णधार बहुतेक जंटलमनच असावयाचा. हा भेद इंग्लंडांत पुढें कितीतरी वर्षें चालूं राहिला, आणि १९६२ सालच्या नोव्हेंबरांत तो कायमचा रद्द झाला. टॅरंट ज्या व्यवस्थेंत शिरला ती अशी होती. उजव्या हातानें कितीहि धांवा काढा आणि डाव्या हातानें कितीहि गडी बाद करा, त्याचा वर्ग ठरलेला होता.

उजवा हात आणि डावा हात असें आम्हीं मुद्दामच म्हटलें आहे. टॅरंट फलंदाजी उजव्या हातानें करी, परंतु गोलंदाजी डाव्या हातानें. त्याचा चेंडू वेगवान नसे. मंद आणि मध्यम ह्यांच्या दरम्यानची त्याची गति होती. डाव्या हातानें वळवून टाकलेला असा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापुढें टप्पा घेऊन बाहेरच्या बाजूस जातो. फलंदाज त्याच्या मागें ओढला जातो आणि झेल देऊन बसतो. शिवाय त्या काळीं सामना सुरू झाल्यावर पाऊस आला तर खेळपट्टी झांकून ठेवीत नसत. भिजलेली खेळपट्टी उन्हानें सुकूं लागली, कीं चेंडू तीवर चिकटून वळे आणि अकस्मात् उसळे. अशा खेळपट्टीवर टॅरंटसारखा गोलंदाज म्हणजे फलंदाजांचा काळच. फलंदाज ह्या नात्यानें मात्र तो सावध आणि चिवट होता. आरंभास यावें, नव्या चेंडूची धार बोथट करावी, आणि मग दिवसभर ठाण मांडावें, ही त्याची रीत.

मिडलसेक्सकडे आल्यावर दोन वर्षांतच त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. १९०७ सालच्या एका हंगामांत त्यानें १५५२ धांवा काढल्या आणि १८३ गडी बाद केले. ‘विस्डेन’ ह्या प्रसिद्ध क्रिकेट-वार्षिकानें १९०८ च्या अंकांत वर्षांतील पांच श्रेष्ठ खेळाडूंत त्याची गणना केली. एका हंगामांत हजार धांवा आणि शंभर बळी हें इंग्लंडांत अष्टपैलू खेळाडूचें सर्वमान्य माप असे. हें माप एकदां पुरें केलें तरी त्या खेळाडूची वाहवा होई. टॅरंटनें तें १९०७ पासून १९१४ पर्यंत ओळीनें आठ वर्षें पुरें केलें. १९११ सालीं तर त्याच्या धांवा दोन हजारांच्या वर गेल्या आणि बळी शंभराच्या वर गेले. हे आंकडे नुसते वाचले म्हणजे डोळ्यांखालून निघून जातात. परंतु त्यांच्यामागें श्रम किती असतात हें पाहावें. एप्रिलअखेरपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यांतून बहुधा सहा दिवस खेळावयाचें, एक सामना संपला कीं रात्रीच्या गाडीनें दुसऱ्या गांवीं जावयाचें, सकाळीं पुन्हां मैदानावर उभें राहावयाचें. आणि जो फलंदाज व गोलंदाज दोन्ही आहे त्याला विश्रांति म्हणून नाहींच. दुसऱ्याचा डाव चालूं असतां हा चेंडू टाकतो, आणि आपला डाव सुरू झाला कीं पहिल्यानें हाच पॅड बांधतो. आठ वर्षें प्रकृति आणि मन दोन्ही ठिकाणावर ठेवून हें करणें ही खरोखर एक तपश्चर्याच होय.

१९१४ चा हंगाम त्याच्या काउंटी-कारकीर्दीचा कळस ठरला. लॉर्ड्सवर लँकेशायरविरुद्ध त्यानें आणि जे. डब्ल्यू. हर्न ह्यानें दुसऱ्या जोडींत ३८० धांवांची भर घातली. लेटन येथें एसेक्सविरुद्ध तो २५० धांवांवर नाबाद राहिला. त्याच्या आयुष्यांतील ही सर्वांत मोठी खेळी. त्या वर्षीं काउंटींच्या चढाओढींत सरे पहिली आली आणि मिडलसेक्स दुसरी. परंतु हंगाम संपण्यापूर्वींच, ऑगस्टच्या आरंभीं, इंग्लंड महायुद्धांत उतरलें. टॅरंट तेव्हां ३३ वर्षांचा होता. काउंटीचे सामने चार वर्षें बंद पडले, आणि १९१९ सालीं ते पुन्हां सुरू झाले तेव्हां टॅरंट मिडलसेक्समध्यें परत आला नाहीं.

इतका मोठा खेळाडू टेस्ट सामन्यांत कां आला नाहीं, असा प्रश्न वाचक विचारतील. ऑस्ट्रेलियाचा संघ निवडणारांची नजर आपल्या देशांतील हंगामावर असे, आणि टॅरंट त्या हंगामांत बहुधा सातासमुद्रांपलीकडे नोकरी करीत असे. १९०७-०८ सालीं इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियांत पांच टेस्ट खेळावयास गेला, त्या हंगामांत टॅरंट व्हिक्टोरियाकडून खेळलाहि. परंतु त्या पांचांपैकीं एकाहि सामन्यासाठीं त्याला बोलावणें आलें नाहीं. दुसरीकडे इंग्लंडच्या दृष्टीनें तो जन्मानें वसाहतींतला. पूर्वीं मिडविंटर, मर्डोक ह्यांच्यासारखे कांहीं खेळाडू दोन्ही देशांकडून टेस्ट खेळले होते; परंतु तो मोकळा जमाना सरत आला होता. परिणामीं, ज्या देशांत जन्मला त्यानें बोलावलें नाहीं, आणि ज्या देशांत राबला त्यानेंहि बोलावलें नाहीं. घर सोडून पोटामागें परमुलखांत गेलेल्या माणसाची ही स्थिति आपणांस अपरिचित नाहीं. गांवीं गेला तर लोक त्याला शहरवासी म्हणतात, आणि शहरांत त्याला गांवढळ समजतात.

परंतु टेस्टची टोपी मिळाली म्हणजे सर्व मिळालें असेंहि नाहीं. ह्याचें उदाहरण टॅरंटच्या डोळ्यांपुढें, त्याच्याच संघांत, त्याच्याच गांवचें होतें. आल्बर्ट ट्रॉट हा मेलबोर्नचाच अष्टपैलू. १८९४-९५ सालीं तो ऑस्ट्रेलियाकडून तीन टेस्ट खेळला आणि चमकला. पण १८९६ सालीं इंग्लंडला निघालेल्या संघांत त्याला घेतलें नाहीं, आणि मौज ही कीं त्या संघाचा कर्णधार त्याचा सख्खा भाऊ हॅरी होता. आल्बर्ट स्वतःच्या खर्चानें इंग्लंडांत आला, मिडलसेक्सकडे राहिला, आणि १८९८-९९ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत इंग्लंडकडून दोन टेस्ट खेळला. म्हणजे टॅरंटला जी टोपी एका देशाची मिळाली नाहीं, ती ट्रॉटला दोन देशांची मिळाली. १८९९ सालीं त्यानें लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनवरून पलीकडे चेंडू मारला, ही गोष्ट क्रिकेटच्या इतिहासांत अजून सांगतात.

ह्या ट्रॉटचा मदतनिधीचा सामना १९०७ सालीं लॉर्ड्सवर झाला. दीर्घ सेवा केलेल्या पगारी खेळाडूसाठीं काउंटी असा एक सामना देत असे. त्या सामन्याच्या तिकिटांचें उत्पन्न त्याला मिळे, आणि तीच त्याची म्हातारपणची पुंजी. सामना जितका लांबेल तितकें उत्पन्न अधिक. परंतु ट्रॉटनें सॉमरसेटच्या शेवटच्या डावांत लागोपाठ चार चेंडूंवर चार गडी उडविले, आणि त्याच डावांत पुढें आणखी लागोपाठ तीन! पराक्रम अपूर्व झाला. सामना मात्र लवकर आटपला, आणि प्रेक्षकांबरोबर पैसाहि गेला. पुढें त्याचें शरीर बिघडलें, खेळ सुटला, गांठीं कांहीं उरलें नाहीं. आणि ३० जुलै १९१४ रोजीं, टॅरंट वैभवाच्या शिखरावर असतां, ट्रॉटनें लंडनांतील आपल्या भाड्याच्या खोलींत स्वतःवर गोळी झाडून जीवन संपविलें. त्याचें वय ४१ वर्षांचें होतें.

एकाच शहरांतून आलेले, एकाच काउंटीचे, एकाच पेशाचे हे दोन खेळाडू. ट्रॉटच्या अंगीं कदाचित् तेज अधिक होतें. टॅरंटच्या अंगीं दूरदृष्टि अधिक होती. खेळाडूचें शरीर हें त्याचें भांडवल असतें, आणि हें भांडवल चाळिशीच्या आंत-बाहेर संपतें. तें संपण्यापूर्वींच दुसरा आधार उभा केला पाहिजे, हें टॅरंटनें ओळखलें होतें. हा आधार त्याला सांपडला तो आपल्या हिंदुस्थानांत.

आपल्या संस्थानिकांना त्या काळीं क्रिकेटचा मोठा नाद होता. आपल्या पदरीं उत्तम संघ असावा म्हणून ते इंग्लंडांतून पगारी खेळाडू आणीत. इंग्लंडचा हंगाम संपतो तेव्हां आपल्याकडे थंडी सुरू होते आणि क्रिकेटचे दिवस येतात. त्यामुळें दोन्हीकडे काम करणें शक्य असे. टॅरंटला असा आश्रय कूचबिहारच्या महाराजांनीं दिला. बंगालच्या उत्तरेस असलेल्या ह्या संस्थानाशीं महाराष्ट्रीय वाचकांचा एक निराळाच संबंध आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या कन्या इंदिराराजे ह्यांनीं ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांशीं ठरलेला विवाह मोडून १९१३ सालीं कूचबिहारचे जितेंद्रनारायण ह्यांच्याशीं लग्न केलें, आणि त्या गोष्टीची चर्चा त्या वेळीं घरोघरीं झाली. त्याच वर्षीं जितेंद्रनारायण गादीवर आले. टॅरंट ज्या संघाकडून पुण्यास खेळला तो ह्याच महाराजांचा.

हा सामना १९१८ सालीं झाला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन स्वतः क्रिकेटचे शोकी. पावसाळ्यांत गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीस असे. एका बाजूस विलिंग्डन ह्यांचा संघ आणि दुसऱ्या बाजूस कूचबिहारच्या महाराजांचा. टॅरंटनें विरुद्ध पक्षाच्या एका डावांतील दहाच्या दहा गडी एकट्यानें बाद केले, ९० धांवा देऊन. आणि त्याच सामन्यांत बॅट हातीं घेऊन १८२ धांवा केल्या व नाबाद राहिला! पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्यें एकाच सामन्यांत शतक आणि एका डावाचे सर्व दहा बळी, असा योग साधणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. १८५९ सालीं व्ही. ई. वॉकर आणि १८८६ सालीं डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस ह्यांचीं नांवें त्यांत येतात. त्या मालिकेंत बसणारा एक पराक्रम पुणें शहरांत घडला, आणि तो करणारा गृहस्थ ३७ वर्षांचा, एकहि टेस्ट न खेळलेला ऑस्ट्रेलियन होता, ही गोष्ट पुणेकरांनीं विसरण्यासारखी खचित नाहीं.

परंतु पुण्याच्या मैदानाची आठवण निघाली असतां आणखी एका डावखुऱ्या गोलंदाजाची आठवण न काढणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. टॅरंट मुंबईच्या चौरंगी सामन्यांत युरोपियन संघाकडून खेळे. त्याच सामन्यांच्या काळांत हिंदूंचे आधारस्तंभ होते ते पळवणकर बाळू. टॅरंटहून ते चारपांच वर्षांनीं वडील; तेहि डाव्या हातानें मंद गतीचा चेंडू वळविण्यांत निष्णात. त्यांचा जन्म १८७६ सालीं चर्मकार कुटुंबांत झाला. पुण्यांतील युरोपियनांच्या क्लबांत महिना चार रुपयांवर मैदान झाडण्याचें आणि जाळ्यांत साहेबांना चेंडू टाकण्याचें काम ते करीत. १९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला, तेव्हां त्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ गडी बाद केले. त्याच उन्हाळ्यांत, त्याच देशांत, टॅरंटनेंहि शंभराच्या वर गडी बाद केले होते.

अशा ह्या बाळूंना त्यांच्याच हिंदु संघाच्या लोकांनीं आरंभीं कसें वागविलें? मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांच्या हातीं चाले. परंतु चहाची वेळ झाली, कीं त्यांचा चहा बाहेर, निराळ्या पेल्यांत. संघाला त्यांचा हात हवा होता, पण पंगतींत ते नकोत. पुढें हें कमी होत गेलें खरें. परंतु हिंदु संघाचें कर्णधारपद बाळूंना अखेरपर्यंत मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल ह्यांना मिळालें. इंग्लंडांतील दोन दारांच्या रीतीस हंसणें आपणांस सोपें आहे. परंतु आपल्या मैदानावर जी दुसरी पंगत होती, ती मांडणारे लोक आपल्याच घरांतले, सुशिक्षित म्हणविणारे होते, हें आम्हांस येथें स्पष्ट लिहिलें पाहिजे. मान राहील काय, हा प्रश्न खेळाडूच्या बापानें विचारावा हें योग्यच; पण त्याचें उत्तर प्रेक्षकांनीं आणि पंचांनीं, शेजाऱ्यांनीं आणि सोबत्यांनीं द्यावयाचें असतें. टॅरंट परका असूनहि राजांच्या मेजवानींत बसला. बाळू आपले असूनहि बाहेर बसले.

आतां टॅरंटकडे वळूं. हिंदुस्थानांत त्यानें नुसतें क्रिकेट केलें नाहीं. घोड्यांचाहि व्यापार केला. ऑस्ट्रेलियांतून येणारे ‘वेलर’ घोडे आपल्याकडे फौजेंत आणि संस्थानिकांच्या पागांत प्रसिद्ध होते. शर्यतीच्या घोड्यांनाहि मोठी मागणी असे. टॅरंटची जन्मभूमि घोड्यांची, आणि त्याचे आश्रयदाते घोड्यांचे शोकी. हा मेळ त्यानें अचूक हेरला. ऑस्ट्रेलियांत घोडे खरेदी करावे आणि हिंदी राजेरजवाड्यांना विकावे, ह्या उद्योगांत त्यानें चांगला पैसा मिळविला. क्रिकेटनें त्याला राजवाड्याचा दरवाजा उघडून दिला, आणि त्या दरवाजानें व्यापार आंत आला. पुढें पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग ह्यांच्या पदरीं तो राहिला, आणि त्यांच्या क्रिकेटच्या कारभारांतील एक विश्वासू माणूस बनला.

१९३३ सालच्या १५ डिसेंबरला मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर हिंदुस्थानांतील पहिला टेस्ट सामना सुरू झाला. एका बाजूस जार्डिनचा इंग्लंडचा संघ, दुसऱ्या बाजूस सी. के. नायडूंचा आपला. तरुण लाला अमरनाथ ह्यांनीं दुसऱ्या डावांत ११८ धांवा काढल्या, आणि टेस्टमध्यें हिंदी खेळाडूचें पहिलें शतक नोंदलें गेलें. त्या शतकाच्या वेळीं मैदानावर पंच म्हणून उभ्या असलेल्या दोघांपैकीं एक होता फ्रँक टॅरंट. ज्याला टेस्ट सामन्यांत बॅट घेऊन एकदांहि उतरतां आलें नाहीं, तो वयाच्या ५३ व्या वर्षीं, पांढरा डगला घालून, परक्या देशाच्या पहिल्या टेस्टमध्यें न्याय देण्यास उभा राहिला! दैवाची ही थट्टा म्हणावी कीं भरपाई म्हणावी, हें वाचकांनींच ठरवावें.

त्याची ह्याहून मोठी कामगिरी दोन वर्षांनीं झाली. तोंपर्यंत ऑस्ट्रेलियाचा संघ हिंदुस्थानांत कधीं खेळावयास आलेला नव्हता. पतियाळाच्या महाराजांनीं खर्चाचा भार उचलण्याचें कबूल केलें, आणि संघ जुळविण्याचें काम टॅरंटनें अंगावर घेतलें. तें सोपें नव्हतें. ऑस्ट्रेलियाचा मुख्य संघ त्याच हंगामांत दक्षिण आफ्रिकेंत जावयाचा होता. तेथील बोर्ड आपले ऐन उमेदींतील खेळाडू देण्यास तयार नव्हतें. तेव्हां टॅरंटनें निवृत्त झालेले मोहरे आणि होतकरू तरुण असा मेळ घातला. जॅक रायडर कर्णधार झाला. मॅकार्टने, आयर्नमाँगर, हेंड्री, ऑक्सनहॅम असे जुने नामांकित गडी बरोबर आले. आणि टॅरंट स्वतः व्यवस्थापक झाला. १९३५-३६ च्या थंडींत हा संघ हिंदुस्थानभर खेळला. हिंदी संघाशीं त्याचे चार अनधिकृत टेस्ट सामने झाले. पहिले दोन पाहुण्यांनीं जिंकले. लाहोर आणि मद्रास येथील पुढचे दोन आपण जिंकले, आणि बरोबरी झाली. आपल्या खेळाडूंना स्वतःच्या बळाचा अंदाज अशाच सामन्यांनीं येत गेला. ऑस्ट्रेलियाचा अधिकृत टेस्ट संघ आपल्याकडे पहिल्यानें आला तो १९५६ सालीं, म्हणजे त्यानंतर तब्बल वीस वर्षांनीं. तो पाहावयास टॅरंट उरला नव्हता.

२९ जानेवारी १९५१ रोजीं, सत्तर वर्षांचा होऊन, तो मेलबोर्न येथें निवर्तला. ज्या शहरांतून तो पोटासाठीं बाहेर पडला होता, त्याच शहरांत, सुस्थितींत, त्याचा अंत झाला. पहिल्या दर्जाच्या ३२९ सामन्यांत त्यानें १७,९५२ धांवा काढल्या, ३३ शतकें केलीं, आणि सुमारें साडेसतरा धांवांस एक ह्या हिशेबानें १५१२ गडी बाद केले. हे आंकडे पाहून त्याच्या थोरवीबद्दल शंका घेण्यास कोणी धजणार नाहीं. टेस्टच्या यादींत तो नाहीं, हा दोष त्या यादीचा आहे.

आमच्या मतें ह्या चरित्रांतून घरांतील वडीलधाऱ्यांनीं आणि मुलांनीं निरनिराळ्या दोन गोष्टी घ्याव्या. मुलांनीं ही घ्यावी कीं, निवड होणें न होणें आपल्या हातीं नसतें; आठ वर्षें रोज सकाळीं मैदानावर हजर राहणें हें मात्र आपल्या हातीं असतें, आणि अंगच्या गुणाला जोड म्हणून दुसरा आधार वेळींच उभारणें हेंहि आपल्याच हातीं असतें. वडीलधाऱ्यांनीं ही घ्यावी कीं, मुलाला मान राहील काय ह्या शंकेनें त्याची बॅट काढून घेण्यापूर्वीं, दुसऱ्याच्या गुणी मुलाला आपण मान देतों काय, हें एकदां स्वतःस विचारावें. ज्या समाजांत सर्वांचा चहा एकाच पेल्यांतून दिला जातो, त्या समाजांत कोणाच्याहि मुलाला खेळून जगण्याची लाज वाटण्याचें कारण उरत नाहीं.